काडातील साखर आणि धोरणाची कसोटी

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्ये गाठले. २०१४ मध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते, हे ध्यानी घेता ही मजल लहान नव्हे. परंतु हे इथेनॉल आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर तितकेसे सुखावह नाही. ते बव्हंशी ऊस, मका आणि तांदूळ यांतून आले. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईची चिन्हे दिसताच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राला निर्बंध घालावे लागले. एका अपुऱ्या पावसाळ्याने ज्या इंधनाचा पुरवठा डळमळतो, त्याला स्वावलंबनाचा आधार मानणे धाडसाचेच ठरेल.

धान्य खाण्यास ठेवावे आणि इंधन काडापासून करावे, हा यावरील उपाय नवा नाही. अडचण आहे ती यीस्टच्या आवडीनिवडीची. काडातील सेल्युलोजपासून मिळणारे ग्लुकोज ते सहज आंबवते; हेमिसेल्युलोजमधून निघणाऱ्या झायलोजला मात्र तोंड लावीत नाही. ही दुसरी साखर वाया गेली, तर कारखान्याचा हिशेब जुळत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९३ मध्ये जनुके बदलून दोन्ही साखरा आंबवणारे यीस्ट घडविले. पुढे नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी हत्तीच्या लिदीत सापडलेल्या बुरशीचे जनुक यीस्टमध्ये बसवून वेगळी वाट काढली.

तथापि प्रयोगशाळेतील यश कारखान्यात टिकतेच असे नाही. ड्युपाँट कंपनीने अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा प्रचंड कारखाना २०१५ मध्ये उघडला. दोनच वर्षांनी तो विकावयास काढला. काड गोळा करणे, साठवणे, त्यातील माती काढणे हे सारे खर्चाचे काम. शिवाय काडाचे विघटन करताना तयार होणारे ॲसेटिक आम्ल व फुर्फुराल यीस्टला निष्प्रभ करतात. पानिपत येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची योजना वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करण्याची आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे, ही अभिमानाची बाब खरी. पण देशाची गरज सुमारे एक हजार कोटी लिटरची आहे.

येथे आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. पंजाब-हरियाणात जो पेंढा शेतातच जाळला जातो, तो टाकाऊ म्हणता येईल. मराठवाड्यातील ज्वारीचा कडबा टाकाऊ नव्हे. ती गुरांची वैरण आहे. उसाचे चिपाडही साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतेच. तेव्हा 'शेतीचा कचरा' या एकाच शब्दात सगळ्या काडाची बोळवण करणे शेतकऱ्याच्या गोठ्यावर घाला घालणारे ठरेल. विदर्भातील पऱ्हाटीसारख्या, जनावरांच्या फारशा उपयोगी न पडणाऱ्या अवशेषांचा विचार आधी व्हावा.

सरकारने मिश्रणाची टक्केवारी वाढविण्याची घाई करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात: देशी काडावर टिकाव धरणाऱ्या यीस्टच्या संशोधनास दीर्घ मुदतीचे साहाय्य द्यावे, काडाला शेतकऱ्याच्या श्रमास साजेसा भाव बांधून द्यावा आणि वैरणीची गरज भागल्याशिवाय काडाला हात लावू नये. यीस्टला नवी साखर पचविण्यास शिकविणे शास्त्रज्ञांचे काम आहे. ती साखर कोणाच्या तोंडची काढली जात नाही, हे पाहण्याची जबाबदारी शासनाची आहे.