आधी प्राध्यापक पाठवा

परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला की कुलगुरूंचा फोटो छापून येतो. पुढे कोणत्या विभागातून कोण, किती दिवसांसाठी आणि काय शिकायला जाणार, याचं उत्तर क्वचितच मिळतं.

युरोपातली इरॅस्मस योजना १९८७ मध्ये ११ देशांत, ३,२४४ विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. तिच्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो एक साधा कागद. विद्यार्थी निघण्याआधीच तो, त्याचं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघे विषय व श्रेयांक ठरवून सह्या करतात. परतल्यावर 'हा पेपर आमच्याकडे चालत नाही' म्हणायला जागा उरत नाही. आपल्याकडेही २०२१ पासून श्रेयांक बँक आहे. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार ट्विनिंग अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी विद्यापीठात मिळवता येतात. नियम झाले, जाणार कोण?

मुसलमानांना हे परकं नाही. इल्मसाठी केलेल्या प्रवासाला अरबीत 'रिहला' म्हणतात. बगदादला, दमास्कसला जायचं, उस्तादापुढे ग्रंथ वाचायचा आणि तो शिकवण्याची परवानगी, म्हणजे इजाजा, घेऊन यायचं. त्या इजाजाला वजन असायचं ते उस्तादाच्या नावाचं. माणसावर विश्वास होता.

म्हणूनच माझा आग्रह, की आधी प्राध्यापक पाठवा. ज्या मॅडम स्वतः तिथे महिनाभर राहून आल्या, त्याच मोहल्ल्यातल्या एखाद्या अब्बांना सांगू शकतात, की वसतिगृह कसं आहे, हलाल जेवण कुठे मिळतं, पोरगी आजारी पडली तर फोन कुणाला करायचा. वडील नाही म्हणाले की आपण 'मागासलेपणा' म्हणून मोकळे होतो. अनेकदा त्यांना फक्त ही उत्तरं हवी असतात.

आणि पैसा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. इरॅस्मसमध्ये मात्र कमी संधी मिळालेल्या विद्यार्थ्याला दीर्घ मुक्कामात दरमहा २५० युरो जादा मिळतात. घरापासून सहा महिने लांब राहणं जमत नसेल, तर ५ ते ३० दिवस तिथे आणि बाकी अभ्यास ऑनलाइन, अशीही सोय आहे. आपल्या विद्यापीठांनी पुढच्या करारात हेच मागावं. वर्षाला दोनच जागा असल्या तरी चालतील, पण विमानभाडं आणि वसतिगृहासकट. त्यातली पहिली जागा अशा कॉलेजच्या शिक्षिकेला द्यावी, जिथून आजवर कुणीच गेलेलं नाही.