कळणाऱ्यांची टीका, सोसणाऱ्यांची टीका

‘यातले तुम्हाला काय कळते?’ हा प्रश्न आपल्याकडे उत्तर मिळावे म्हणून क्वचितच विचारला जातो. समोरच्याचे तोंड बंद करण्याचे ते हमखास साधन आहे. २०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून जो वाद पेटला, त्यात हे साधन सर्वांनीच मुक्तहस्ते वापरले. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा, या अडीच महिन्यांत पालक बोलू लागले की ‘हा विषय तज्ज्ञांचा आहे’ असे सांगितले गेले आणि तज्ज्ञ बोलू लागले की ‘यांना समाजाची नाडी काय ठाऊक’ असे ऐकविले गेले. त्या निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु कोणत्याही कामावर टीका करण्याचा अधिकार कुणाला, जाणकाराला की ते काम ज्याच्या वाट्याला येते त्याला, हा त्यातून वर आलेला प्रश्न जुना आहे, आणि या प्रश्नाचा एक मोठा धडा वर्ध्याच्या भूमीत गिरविला गेला आहे. तो अर्धाच गिरविला गेला, हे आज ध्यानात घेण्यासारखे आहे.

संघटनेत काम करणाऱ्या वाचकांना समीक्षा बैठक नवी नाही. शिबिर आटोपले की सतरंजीवर मंडळी बसतात आणि कुठे उणे राहिले याची चर्चा होते. भाजीत मीठ कमी होते, हे पहिल्यांदा शिबिरात आलेला बाल स्वयंसेवकही सांगू शकतो. त्यासाठी पाकशास्त्र यावे लागत नाही. तीनशे माणसांच्या भाजीत मीठ किती आणि केव्हा पडावे, हे मात्र भोजनव्यवस्था पाहणाऱ्यालाच ठाऊक असते. बाल स्वयंसेवकाने प्रमाण सांगू नये आणि व्यवस्थाप्रमुखाने ‘मीठ बरोबरच होते’ असा दाखला देऊ नये, इतकी साधी ही मर्यादा आहे. व्यवहारात ती दोन्हीकडून नित्य ओलांडली जाते.

आता वर्ध्याकडे वळू. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली आणि त्यांच्यापुढे एक अवघड पेच उभा राहिला. दारूबंदी हे त्यांचे वचन होते, आणि शिक्षणावर होणारा खर्च बऱ्याच अंशी दारूवरील महसुलातून भागत होता. दारू बंद करावी तर शाळा चालवायच्या कशाने? गांधीजींनी ‘हरिजन’मधून याला उत्तर दिले. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, आणि मुलांच्या हातून तयार होणाऱ्या वस्तूंतून शिक्षकाचे वेतन निघावे. गांधीजी शिक्षणशास्त्राचे पदवीधर नव्हते. दक्षिण आफ्रिकेत आणि आश्रमांत त्यांनी मुलांना शिकविले होते, तरी विद्यापीठीय अर्थाने ते या क्षेत्रातले बाहेरचेच. म्हणजे मेकॉलेपासून तज्ज्ञांनी उभारलेल्या व्यवस्थेवर एका बॅरिस्टराने घेतलेला हा आक्षेप होता.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात परिषद भरली. हेच विद्यालय पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखले गेले. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी. प्रांतांचे शिक्षणमंत्री, शिक्षणतज्ज्ञ आणि रचनात्मक कार्यकर्ते समोर. ज्यांच्या शब्दावर मंत्रिमंडळे हलत होती, त्यांच्याच योजनेवर त्यांच्याच अध्यक्षतेखाली बोलायचे. अशा सभेत सहसा काय घडते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या दिवशी घडले ते निराळे. जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन उठले आणि त्यांनी दोन गोष्टी स्पष्टपणे मांडल्या. कृतीतून शिक्षण ही कल्पना महात्माजींना नवी वाटत असली, तरी शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांना ती परिचित आहे, ही पहिली. दुसरी अधिक मर्मावर बोट ठेवणारी होती. शाळेने स्वतःचा खर्च भागवलाच पाहिजे यावर अतिरेकी भर दिला, तर शिक्षक गुलामांवरचा मुकादम होईल आणि गरिबांच्या मुलांचे श्रम पिळले जातील, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी वेगळ्याच बाजूने आक्षेप घेतला. सरकारी आधारावर चालणाऱ्या शाळांतून सूत, कापड आणि लाकडी वस्तू बाजारात येऊ लागल्या, तर ज्याचे पोट त्याच धंद्यावर आहे त्या कारागिराने कुठे जावे?

ही खरी तज्ज्ञ टीका. तिच्यात ‘हे आम्हाला पटत नाही’ असा मोघमपणा नव्हता. योजनेचा कोणता सांधा कोणत्या भाराने निखळेल, हे नेमके सांगितले गेले होते. ज्याने शिक्षक जवळून पाहिला आहे, तोच हे सांगू शकतो की वेतन मुलाच्या टकळीला बांधले की चांगल्या माणसाचीही नजर मुलावरून सुतावर जाते. सामान्य माणसाला हा धोका दहा वर्षांनी, नुकसान होऊन गेल्यावर दिसला असता.

त्या टीकेचे पुढे काय झाले, हा या प्रसंगातला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. परिषदेने अभ्यासक्रम तयार करण्यासाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केले डॉ. झाकीर हुसेन यांनाच. प्रा. शहांचेही नाव त्या समितीत होते. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, आर्यनायकम दांपत्य ही मंडळी बरोबर होती. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल हातात आला. त्यात एक वाक्य असे आहे की ते परिषदेतील त्या आक्षेपाचेच फळ म्हणावे लागेल. शाळा आपला खर्च भागवू शकली नाही, तरीही ही योजना शैक्षणिकदृष्ट्या योग्य म्हणून स्वीकारावी, असा त्याचा अर्थ आहे. ज्या आर्थिक पेचातून योजना जन्मली, त्या पेचापासून तिला सोडविण्याचे काम टीकाकारांनी केले. आपल्याकडे टीकाकाराला एक तर शत्रूच्या रांगेत बसवतात, नाही तर सत्कार करून गप्प करतात. त्याच्या हाती लेखणी देऊन ‘आता तुम्हीच दुरुस्त करा’ म्हणणारा नेता विरळाच, आणि ते आव्हान स्वीकारणारा टीकाकार त्याहूनही विरळा.

इतके सगळे चांगले जुळून आले असताना ही योजना देशभर रुजली का नाही? उत्तर शोधताना पुन्हा त्या परिषदेच्या बैठकीकडे पाहावे लागते. मंत्री होते, आचार्य होते, अर्थशास्त्रज्ञ होते, सूत कातण्यात आयुष्य घालवलेले तपस्वी होते. ज्याचे मूल या शाळेत बसणार होते, तो सेलू-देवळीकडचा शेतकरी आणि ती शेतमजूर आई मात्र तेथे नव्हती. अहवालाने शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तव्यवसायाला दिली, मातृभाषेला चाळीस मिनिटे, आणि सात वर्षांच्या या शिक्षणात इंग्रजीला स्थान ठेवले नाही. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने याचे समर्थन होऊ शकते, आणि मातृभाषेविषयीचा आग्रह तर आम्हाला मनापासून मान्य आहे. तथापि गावातल्या बापाचा हिशेब निराळा होता. चरखा आणि नांगर माझ्या घरी आहेतच, ते शिकवायला शाळा कशाला? वकिलाचा मुलगा इंग्रजी शिकून वकील होणार आणि माझा मुलगा सूत कातून पुन्हा माझ्याच जागी येणार, हेच ना तुमचे शिक्षण?

हा आक्षेप अशिक्षिताचा होता. त्यात शास्त्र नव्हते, कित्येकदा ईर्ष्या होती, श्रमाविषयीची अनादराची भावनाही होती. म्हणून तो तज्ज्ञांनी मनावर घेतला नाही. अज्ञान समजून त्यावर प्रबोधनाचा उपाय सुचविला. पण त्या आक्षेपाच्या पोटात जे सत्य होते, ते अहवाल लिहिणाऱ्या कुणालाही दिसले नव्हते. समाजातील सर्व मुले एकाच प्रकारच्या शाळेत जाणार नसतील, तर श्रमाधिष्ठित शाळा ही आपोआप गरिबांची शाळा ठरते, आणि जी केवळ गरिबांची असते ती कालांतराने निकृष्ट होते. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढे महाविद्यालयाचे दार सहज उघडले नाही, तेव्हा बापाचा हिशेब खरा ठरला. त्याने सभा घेतली नाही की निवेदन दिले नाही. त्याने मुलाचे नाव दुसऱ्या शाळेत घातले. कोठारी आयोगाच्या काळापर्यंत, म्हणजे १९६४ ते ६६पर्यंत, बुनियादी शिक्षणाची जागा ‘कार्यानुभव’ या आठवड्यातल्या एखाद-दुसऱ्या तासिकेने घेण्याची भाषा सुरू झाली होती. सेवाग्रामची मूळ शाळाही पुढे बंद पडली. २००५ साली ती ‘आनंद निकेतन’ या नावाने पुन्हा सुरू झाली, ही त्यातली समाधानाची बाब.

विशेष असे की ज्या चळवळीने पालकाला परिषदेत बसवले नाही, तिनेच वस्त्रोद्योगात नेमके उलटे केले होते. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. अटी पाहाव्यात. आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, यंत्र वीस वर्षे टिकावे, हे सारे अभियंत्याने मोजायचे. पण त्यांतच एक अट अशी की बाईला त्यावर आठ तास फारसे न शिणता काम करता आले पाहिजे. म्हणजे अभियंत्याच्या परीक्षकांत खेड्यातल्या एका बाईची पाठ आणि खांदे हेही बसवले होते! किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही या स्पर्धेसाठी एक यंत्र घडले. पारितोषिक मात्र कुणालाच मिळाले नाही.

आणि वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी जे केले, ते तर याहून पुढचे होते. कातणाऱ्या बाईला मिळणारी मजुरी पुरेशी आहे की नाही, हा वाद कागदावर खूप झाला असता. विनोबा स्वतः दिवसाचे कित्येक तास कातायला बसले आणि त्या मजुरीत जितके अन्न येईल तितक्यावर राहू लागले. कातणकलेत त्यांच्याइतका जाणकार शोधूनही सापडला नसता, आणि तरी मजुरीबाबत निवाडा देण्यास आपले ज्ञान पुरेसे नाही, असे त्यांना वाटले. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे अशा अनुभवांचे बळ होते. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण इतरांना ऐकवतो. या माणसाने ती स्वतःला लावून घेतली.

अर्थात, ज्याला कळतही नाही आणि ज्याचे जळतही नाही, अशा टीकाकारांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. सायंकाळी दूरचित्रवाणीवर शेती, संरक्षण, क्रिकेट आणि अभ्यासक्रम या चारही विषयांवर तोच चेहरा तितक्याच आवेशाने बोलताना दिसतो. त्याच्यामुळे सामान्य माणसाची टीकाच बदनाम होते, ही खरी हानी. पालकाची तक्रार आणि या वाचाळांची बडबड एकाच टोपलीत टाकून देण्याची सोय कार्यालयात बसलेल्यांना त्यामुळे मिळते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० तयार होताना अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत विचारविनिमय पोहोचला आणि दोन लाखांहून अधिक सूचना आल्या, असे शासनाने सांगितले. हा उपक्रम स्वागतार्हच होता. यापूर्वी इतक्या खालपर्यंत कुणी विचारले नव्हते. तरीही आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर सरासरीने एका ग्रामपंचायतीमागे एक सूचनाही पडत नाही. गावाला म्हणायचे इतकेच होते, की विचारण्याची पद्धत गावाला बोलते करणारी नव्हती? त्या धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा सुचविली आहे. नई तालीमचेच एक बीज पुन्हा पेरले जात आहे. १९३७ साली न विचारलेला बाप या वेळी तरी विचारला जावा, नाही तर दप्तराविना दहा दिवस हे शिकवणीचे दहा दिवस होतील.

त्यासाठी नवा कायदा नको. शिक्षण हक्क कायदा २००९च्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितलेच आहे. प्रत्यक्षात काय होते, हे आपल्या कार्यकर्त्यांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी मनाशी आठवावे. इतिवृत्त आधी लिहिलेले असते आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते. पालक बोललाच तर त्याला परिपत्रकाचा क्रमांक ऐकवला जातो. त्याच्या बोलण्यातली सूचना कदाचित टाकाऊ असेल. ‘मुलाला चौथीत येऊनही वाचता येत नाही’ ही तक्रार टाकाऊ कशी असेल? उपाय काय, हे गुरुजींनी ठरवावे. वाचता येत नाही की येते, हे घरी रोज त्याला पाहणाऱ्या आईला विचारावे.

वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू झाली की या समित्यांच्या बैठका सकाळी अकराला ठेवणे म्हणजे निम्म्या सदस्यांना येऊ नका असे सांगणे आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बैठकीला बसलेल्या बाईचा दिवस बुडतो. दिवेलागणीनंतर, शाळेच्या ओसरीवर, इतिवृत्ताची वही कोरी ठेवून बैठक घ्यायला मुख्याध्यापकाला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या परिचयाच्या शाळांत येत्या हंगामापासून तसे करावे, आणि पहिल्या बैठकीत त्या बाया काय बोलल्या ते आम्हाला अवश्य कळवावे.