पीएमपी आणि गळून जाणारे महिने

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिपळूणजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचा फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर तिने थेट विषयालाच हात घातला. "भाई, पीएमपीचा फॉर्म भरायचा आहे. क्लासवाले म्हणतात, तारखा आम्ही बसवून देतो. तसे केले तर चालेल का?"

ती सिव्हिल इंजिनियर. जून 2014 ते मे 2018 अशी चार वर्षे पनवेलमध्ये एका बिल्डरकडे होती. इमारतीचे वेळापत्रक लावणे, ठेकेदारांकडून काम करून घेणे, माल कधी येणार आणि बिले कधी निघणार याचा मेळ घालणे, सगळे तिच्याकडे. मग लग्न झाले, दोन मुले झाली. शौहर दोहात नोकरीला. आता धाकटा शाळेत जाऊ लागला आहे आणि तिला पुन्हा कामाला लागायचे आहे.

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था 1984 पासून हे प्रमाणपत्र देते. आखातातल्या बांधकाम कंपन्यांच्या जाहिरातींत ही तीन अक्षरे वारंवार दिसतात, म्हणून कोकणातल्या आपल्या घरांतही त्यांची चर्चा असते. परीक्षेत 180 प्रश्न आणि 230 मिनिटे. ती इंग्रजीत देता येते, अरबीतही. परीक्षेविषयी इथे अधिक लिहीत नाही. त्यासाठी पुस्तके आणि क्लास भरपूर आहेत. मुले अडकतात ती त्याच्या आधी, अर्जात.

अर्जाला विषयाचे 35 तासांचे प्रशिक्षण लागते आणि प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो. चार वर्षांची पदवी असेल तर 36 महिने, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर 60. हुद्दा काय होता यापेक्षा काम काय केले ते पाहिले जाते. एकाच महिन्यात दोन प्रकल्प सांभाळले तरी तो महिना एकच धरतात. आणि हा सगळा अनुभव अर्जाच्या दिवसापासून मागच्या आठ वर्षांतला हवा.

या शेवटच्या वाक्याकडे कोणी लक्ष देत नाही. फोनवरच आम्ही हिशेब मांडला. जून 2024 पासून आठ वर्षे मागे गेलो की जून 2016 येतो. म्हणजे तिच्या 48 महिन्यांपैकी 24 आधीच बाद. ती म्हणाली, "मग आणखी एक वर्ष नोकरी केली की झाले ना?" नाही झाले. ती एक नवा महिना कमावेल तेव्हा मागचा एक जुना महिना गळून पडेल. दोन वर्षे काम केले तरी आकडा 24 वरच राहणार. जुने सगळे संपल्यावरच तो वर चढेल. थोडक्यात, तिला पुरी तीन वर्षे नव्याने करावी लागणार. हेच तिने मे 2023 पर्यंत अर्ज केला असता तर 36 महिने बरोबर भरत होते. एका वर्षाने हुकले.

फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मेहरपासून वलिम्याच्या बिर्याणीपर्यंत सगळे ठरते. मुलीची नोकरी सुटणार हेही ठरते. ती सुटण्यापूर्वी तिचे झालेले काम एखाद्या प्रमाणपत्रात उतरवून घ्यावे, हे मात्र कोणाला सुचत नाही. तिलाही नाही, तिच्या अब्बांनाही नाही.

आता त्या तारखांविषयी. क्लासवाले 2018 च्या जागी 2020 लिहायला तयार होते. "सगळेच करतात" हे तिच्या भावाचे मत. संस्था काही अर्ज तपासणीसाठी निवडते. त्यात तुमचे नाव निघाले की त्या वेळच्या वरिष्ठांच्या सहीने अनुभव सिद्ध करावा लागतो. पण तपासणी झाली नाही तरी काय? त्या तारखांच्या जोरावर उद्या पगार येईल, त्यातून घर चालेल, मुलांची फी जाईल. फतवा देणे माझे काम नाही. मी एवढेच विचारले की, ज्या रोजीसाठी ही धडपड आहे तिच्या पायाशीच खोटे घालायचे का? ती म्हणाली, "मलाही तेच खटकत होते, म्हणून फोन केला."

तिच्यासाठी दुसरी वाट आहे. त्याच संस्थेचे सीएपीएम नावाचे प्रमाणपत्र अनुभवाशिवाय मिळते. 23 तासांचे प्रशिक्षण, 150 प्रश्न, तीन तास. पुढे पीएमपीसाठी तेच 35 तासांच्या प्रशिक्षणाऐवजी चालते. नोकरीत परत शिरण्यासाठी हातात काहीतरी खरे असेल.

बोलता बोलता शौहरचा विषय निघाला. त्याने डिसेंबर 2021 मध्ये पीएमपी केले, फ्रेम करून भिंतीवर लावले आणि विसरून गेला. हे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते. तेवढ्या काळात 60 पीडीयू, म्हणजे साधारण 60 तासांची भर दाखवावी लागते. निदान 35 शिकण्यातून, आणि त्यात कामाची पद्धत, माणसांशी वागणे, व्यवसायाची समज या तिन्हींचे किमान आठ-आठ. नोकरी करत असल्याबद्दल जास्तीत जास्त आठ मिळतात. इतरांना शिकवले तर त्याचेही मिळतात. शेवटी 150 डॉलर शुल्क, सभासदाला 60. हे चुकले तर प्रमाणपत्र एक वर्ष स्थगित, त्या काळात नावापुढे पीएमपी लिहिता येत नाही. तेही वर्ष गेले की पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा. त्याच्या खात्यावर शून्य होते आणि सहा महिने उरले होते. कामाचे आठ सोडले तर 52 तास, आठवड्याला दोन. संस्थेच्या सभासदांना ऑनलाइन व्याख्याने मोफत मिळतात, शिवाय मुंबई-पुण्याच्या शाखांचे कार्यक्रम असतात. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून संस्थेची चालू हँडबुक स्वतः वाचावी. क्लासच्या पत्रकावर विसंबू नये.

गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. क्लासवाल्यांना तिने नकार कळवला आहे. 23 पैकी नऊ तास झाले. रात्री साडेनऊला मुले झोपली की ती लॅपटॉप उघडते. दोहात तेव्हा मगरीब होऊन जरा वेळ झालेला असतो. शौहरही त्याच वेळी आपले तास भरायला बसतो.