एकच रंधा घ्यायचा झाला तर

दुकानाचा कारभार मुलांच्या हाती सोपवून मोकळे झालेले कित्येक गृहस्थ हल्ली लाकूडकामाकडे वळतात. करवत, पटाशी, हातोडा, गुण्या यांची खरेदी सहज होते. रंध्यापाशी मात्र माणूस थबकतो. एक वीतभर लांब, दुसरा हातभर. एक लाकडी, दुसरा बिडाचा. एक काही शेकड्यांत मिळणारा, दुसरा परदेशातून मागवावा लागणारा आणि चांगलाच महाग. विक्रेता प्रत्येकाची स्तुती करतो. निर्णय चुकला तर केवळ पैसे जात नाहीत. चार दिवस झटूनही फळी सपाट होत नाही, हौस विरते आणि हत्यार माळ्यावर जाते. म्हणून रंध्याची निवड थोडी समजून करणे हिताचे.

रंधा म्हणजे मुळात एका ठोकळ्यात तिरके बसवलेले धारदार पाते. ठोकळ्याचा तळ फळीवर टेकतो आणि पाते तळाबाहेर केसभर डोकावते. जेवढे डोकावते तेवढीच लाकडाची साल निघते. नुसत्या पटाशीने तासताना धार किती खोल जाईल हे हातावर अवलंबून असते. रंध्यात ती मर्यादा तळ घालून देतो. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातही रंधे सापडले आहेत. आजचा सुतार ते हातात घेऊन त्यांचा उपयोग तत्काळ ओळखेल, इतके हे तत्त्व स्थिर आहे.

आपल्याकडील जुन्या सुतारांचा रंधा कठीण लाकडाचा असे. पाते पाचरीने आवळलेले. खोली वाढवायची तर पात्याच्या माथ्यावर हलकी टिचकी, कमी करायची तर ठोकळ्याच्या मागच्या अंगावर ठोका. हे ठोके किती जोराचे असावेत ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. वडिलांच्या शेजारी बसून मुलगा ते कानांनी शिके. ज्याला ते साधले त्याचे काम उत्तम होई. परंतु वयाच्या साठीत हत्यार हाती धरणाऱ्याला तेवढी उमेदवारी करण्यास सवड कोठून असणार?

ही अडचण अमेरिकेत बॉस्टनच्या लिओनार्ड बेली या कारागिराने सोडवली. १८५० ते १८७० या दोन दशकांत त्याने रंध्याच्या रचनेवर एकामागून एक स्वामित्वहक्क मिळवले. पात्यामागे एक लहान पितळी चाक बसवून बोटाने फिरवताच पाते मागेपुढे सरकावे आणि पाचरीऐवजी लोखंडी टोपीने ते आवळले जावे, ही त्याच्या रचनेतील मुख्य कल्पना. वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कौशल्य त्याने एका चाकात आणून ठेवले, असे म्हटले तरी चालेल.

व्यापारी वाचकांना पुढचा भाग अधिक रुचेल. १८६९ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅनली रूल अँड लेव्हल कंपनीने बेलीचा व्यवसाय व त्याचे हक्क विकत घेतले. बेली काही वर्षे त्यांच्याकडेच काम करीत राहिला. पुढे संबंध बिघडले. त्याने बाहेर पडून ‘व्हिक्टर’ या नावाने प्रतिस्पर्धी रंधे काढले आणि अखेरीस तीही मालिका स्टॅनलीच्याच ताब्यात गेली. कल्पकता बेलीची होती. विक्रीची घडी, सूचिपत्रे आणि दूरवर पसरलेले विक्रेते स्टॅनलीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने ‘बेली’ हे नाव रंध्याच्या बिडातच ओतून घेण्यास सुरुवात केली. माणूस गेला तरी नावाची पत विकत राहिली.

स्टॅनलीने या रंध्यांना क्रमांक दिले आणि तेच क्रमांक पुढे इतर कारखानदारांनीही स्वीकारले. ४ क्रमांकाचा रंधा सुमारे ९ इंच लांब, ५ क्रमांकाचा १४ इंच, ७ क्रमांकाचा २२ इंच. हा फरक दिखाऊ नाही. फळीवर उंचवटे आणि खळगे असतात. आखूड रंधा खळग्यात उतरतो आणि तेथलीही साल काढतो. फळी गुळगुळीत होते, पण लाटांसारखी राहते. लांब रंधा दोन उंचवट्यांवर टेकून खळग्यावरून तरंगत जातो आणि केवळ उंचवटे कापतो. सर्व उंचवटे संपले की एक अखंड साल निघते. फळी सरळ झाल्याची ती खूण. म्हणून दोन फळ्यांच्या कडा जोडण्यासाठी ७ क्रमांक, अखेरच्या तुळतुळीतपणासाठी ४ क्रमांक आणि प्रारंभीच्या भरड कामासाठी ५ क्रमांक, अशी वाटणी रूढ झाली.

येथे एक मोह टाळावा लागतो. याच कंपनीने ५५ क्रमांकाचा एक रंधा काढला होता. त्यासोबत पन्नासहून अधिक निरनिराळी पाती येत. गोल, खाचेदार, नक्षीदार अशी हर तऱ्हेची किनार त्याने काढता यावी, हा हेतू. जुन्या सामानात तो संच आजही अधूनमधून आढळतो आणि पुष्कळदा त्यातील बरीचशी पाती एकदाही न वापरलेली असतात. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो उत्तम माल होता. घेणाऱ्याच्या वहीत मात्र ते अडकून पडलेले भांडवल ठरले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जपानचा ‘कान्ना’ आहे. ओकच्या ठोकळ्यात मऊ लोखंडाला कठीण पोलाद जोडून घडवलेले जाड पाते. ना चाक, ना स्क्रू. तो ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. तेथील कारागीर एकत्र जमून सर्वांत पातळ साल कोण काढतो याच्या स्पर्धा घेतात. त्या साली मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतात. साधन जितके साधे, तितकी माणसाच्या हाताची जबाबदारी मोठी, हा धडा त्यातून मिळतो. नवशिक्याने मात्र तेथून सुरुवात करू नये.

मग एकच रंधा घ्यायचा झाला तर कोणता? अनेक जाणकार ५ क्रमांकाचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे. त्याचे वजन दोन किलोंच्या आसपास, म्हणजे हाताला न शिणवता स्वतःच्या भाराने फळीवर बसेल एवढे. लांबी मधली. त्याला दोन पाती ठेवावीत. एकाची धार किंचित कमानदार. पाते थोडे अधिक बाहेर काढले की खडबडीत फळीवरून जाड साली झपाट्याने निघतात. दुसऱ्याची धार सरळ, केवळ कोपरे किंचित गोल केलेले. ते अखेरच्या हाताला. मध्यम लांबीच्या कडाही त्याने बऱ्यापैकी सरळ होतात. ज्याला केवळ लहान पेट्या किंवा चौकटी करायच्या आहेत त्याला ४ क्रमांक अधिक सोयीचा वाटेल, हेही खरे. आवडता रंधा कामावरून ठरतो. सूचिपत्रावरून ठरवला तर पस्तावण्याची वेळ येते.

एक बारकावा ध्यानात ठेवावा. बेलीच्या रचनेत पात्याच्या पाठीवर आणखी एक लोखंडी पट्टी असते. पुष्कळजण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. उलट्या रेषांच्या लाकडात पाते पुढे जाण्याआधीच रेषा उचकटतात आणि खपल्या निघतात. ही पट्टी धारेपासून अर्ध्या मिलीमीटरहूनही जवळ आणली की ती साल लगेच मोडून वर वळवते आणि रेषा उचकटणे थांबते. भरड कामाला मात्र तिला एक-दीड मिलीमीटर मागे घ्यावे, नाहीतर रंधा अडखळतो.

जुना रंधा मिळत असेल तर तो नव्या स्वस्त रंध्यापेक्षा बहुधा सरस ठरतो, पण डोळे उघडे ठेवून घ्यावा. गंज घासून जातो. बिडाची चीर जात नाही. म्हणून तळाच्या तोंडाशी आणि दोन्ही बाजूंना चीर किंवा सांधलेली जागा आहे का ते प्रथम पाहावे. पोलादी पट्टी तळावर उभी धरून खालून उजेड कोठे दिसतो ते तपासावे. पितळी चाक फिरते का, आणि पात्यात लांब खाचेच्या पुढे पुरेसे पोलाद शिल्लक आहे का, हेही बघावे. मूठ तुटली असेल तर चिंता नाही. ती नवी करता येते.

राहता राहिली धार. सागाच्या लाकडात वाळूसारखा सिलिका हा कठीण अंश असतो आणि तो पात्याची धार फार लवकर खातो. धारेच्या दगडावर दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने कितीही महागडा रंधा घेतला तरी तो नांगरासारखाच चालणार. उलट साध्या बिडाच्या रंध्याला ताजी धार असेल तर सागावरूनही अखंड, पातळ साल सरसर निघते. म्हणून खरेदीचा हिशेब मांडताना रंध्याच्या किमतीसोबत चांगल्या दगडाची किंमतही त्याच पानावर मांडावी, आणि पैसे अपुरे पडत असतील तर रंधा थोडा हलका घ्यावा, दगड मात्र चांगलाच घ्यावा.