चार मिनिटांचा पाठ

"त्यात काय मोठेसे? मोबाईल समोर उभा करायचा आणि नेहमीचा पाठ म्हणायचा!" आमच्या समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी हे ठणकावून सांगितले. सीमाभागातील मराठी शाळांसाठी ध्वनिचित्रफिती करण्याचा विषय चालला होता. महाराष्ट्रात तयार झालेले पाठ पुष्कळ आहेत. पण इकडची पाठ्यपुस्तके कर्नाटकाची, धड्याला धडा जुळत नाही. तेव्हा आपले पाठ आपणच करावेत, हे सर्वांना पटले. खर्चाच्या यादीत कॅमेरा आला, दिवे आले, माईक आला. पाठ लिहायला वेळ आणि मोबदला लागेल, हे कलम कोणालाच सुचले नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही नाही.

नमुन्यादाखल आम्ही 'च'च्या दोन उच्चारांचा पाठ घेतला. अंकातला 'चार' आणि गुरांचा 'चारा'. लिहिताना अक्षर एकच, पण पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य. कन्नडमध्ये हा भेद नाही. त्यामुळे घरी कन्नड बोलणारी आमची मुले येथे हमखास अडखळतात. वर्गात हा पाठ आम्ही वर्षानुवर्षे दहा मिनिटांत उरकत आलो. चार मिनिटांच्या चित्रणाला मात्र तीन दुपारी गेल्या. पहिल्या दिवशी पंख्याच्या घरघरीत दोन्ही च सारखेच ऐकू आले. दुसऱ्या दिवशी पंखा बंद केला, आणि आम्ही 'दंततालव्य' हा शब्द उच्चारून तसेच पुढे निघून गेलो. वर्गात असतो तर एखाद्या पोराच्या कपाळावरच्या आठीने आम्हांला तेथेच थांबवले असते. कॅमेऱ्याला आठी पडत नाही. मूल कोठे अडेल हे आधीच ओळखून वाक्य रचावे लागते.

मग आम्ही अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या फिती पुन्हा लावून पाहिल्या. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर ते चौकोन करतात. दाबला की तो कलंडतो. त्रिकोण दाबला तरी हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, हे कोणीही करील! पण टेल्कोतून एक वर्षाची रजा घेऊन १९७८ साली हा अभियंता होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला, आणि तेथपासून हे काम चालत आले आहे. पुढे पुण्याच्या 'आयुका'त शेकडो फिती झाल्या, अनेक भाषांत गेल्या. कोणती वस्तू घ्यायची, हात कोठे थांबवायचा, काय बोलायचेच नाही, हे सारे त्या मिनिटभरात दडलेले असते.

भाषांतराची गंमत तर वेगळीच. इंग्रजीत क्रियापद लवकर येते, मराठीत शेवटी. पडद्यावरचा हात दाबून मोकळा होतो, तरी आमचे 'दाबा' अजून वाटेतच! वाक्य तोडून पुन्हा जुळवावे लागते. मूळ पाठ मराठीतच लिहावा हा आमचा आग्रह काही केवळ अभिमानापोटी नाही.

तिसऱ्या दुपारी आम्ही व्याकरणातले शब्द गाळले आणि हातात एक चमचा धरला. 'चमचा' या एका शब्दात दोन्ही च येतात. पहिला म्हणताना जीभ टाळूला, दुसऱ्याला दातांजवळ. जमले!

फीत पाहून ते ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "बघा, किती सोपे होते!" पुढच्या बैठकीत पाठलेखनाच्या मानधनाचे कलम आम्ही मांडणार आहोत. चमचाही बरोबर नेऊ.