गाळावयाचे भाग

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत धाराशिव येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. घरांत दोन मुलगे, एक मुलगी, त्यांचे आईबाप आणि आजी. या सुटींत मुलांना ‘स्टार ट्रेक’ ही जुनी अमेरिकन विज्ञानमालिका दाखवावयाची असें ठरलें होतें, आणि त्यासाठीं कोणा जाणत्यानें केलेली एक यादी यजमानांनीं मिळवून ठेविली होती. यादीचे रकाने तीन : ‘अवश्य पाहा’, ‘पाहिला तरी चालेल’ आणि ‘गाळा’. पहिल्या रकान्यांत अवघे बारा भाग. शेवटल्यांत चाळिसांच्या वर. यजमानांनीं ती आमच्यापुढें ठेवून विचारलें, ‘‘ठीक आहे ना?’’ आम्हीं ‘‘नाहीं’’ म्हटलें. त्या नकाराचीं कारणें तेव्हां नीट सांगतां आलीं नाहींत. तीं येथें सांगतों.

दूरचित्रवाणीवरील एका मालिकेचे कोणते भाग पाहावे हा काय मासिकाच्या पानांचा विषय झाला, असें कांहीं वाचक म्हणतील. त्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें 93 वें अधिवेशन जानेवारी 2020 मध्यें याच गांवीं, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादेस, भरलें. आणि त्याच्या पुढचें, 94 वें, डिसेंबर 2021 मध्यें नाशिकास भरलें, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला मराठी सारस्वतानें सर्वोच्च आसन दिल्यानंतर विज्ञानकथा हा पोरखेळ आहे, हा आक्षेप निकालांत निघाला असें समजावयास हरकत नाहीं. शिवाय आमचा वाद एका मालिकेपुरता नाहीं. मुलांपुढें काय ठेवावें आणि काय झांकून ठेवावें, हें कोणीं ठरवावें व कोणत्या मापानें, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. जीन रॉडनबेरी यांनीं निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेंत 8 सप्टेंबर 1966 पासून 3 जून 1969 पर्यंत चालली. पहिल्या वर्षीं 29, दुसऱ्या वर्षीं 26 व तिसऱ्या वर्षीं 24, मिळून 79 भाग झाले. प्रत्येक भाग सुमारें पन्नास मिनिटांचा. म्हणजे सारे पाहावयास पासष्ट तासांहून अधिक वेळ हवा. ऐंशीच्या दशकांत दूरदर्शननें ती रविवारीं सकाळीं दाखविली, तेव्हां निवडीचा प्रश्नच नव्हता. ज्या घरीं संच असे तेथें आळीतलीं मुलें जमत, इंग्रजी अर्धेंमुर्धें कळे, मध्येंच वीज गेली तर उरलेली गोष्ट एकमेकांच्या कल्पनेनें पुरी होई. जो भाग येई तो आपला, जो चुके तो गेला. आतां सारे 79 भाग एका बोटाच्या अंतरावर आहेत, आणि म्हणूनच निवड करणें भाग पडलें आहे.

या निवडीबाबत दोन पक्ष आहेत. एकाला आम्ही पारायणवादी म्हणूं व दुसऱ्याला वेचेवादी. पारायणवाद्यांचें म्हणणें असें कीं, पोथीचा अध्याय जसा गाळतां येत नाहीं तसा मालिकेचा भागहि गाळूं नये. पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानें पाहावें. निष्ठा वाखाणण्याजोगी खरी. पण कोणत्या क्रमानें? ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा भाग आधीं तयार झाला आणि दाखविला गेला तिसरा. त्याच्याहि पूर्वीं केलेला ‘द केज’ वाहिनीनें नाकारला. त्यांतील दृश्यें पुढें ‘द मेनॅजरी’ या दोन भागांच्या कथेंत बसविलीं, आणि मूळ भाग अखंड स्वरूपांत प्रक्षेपित व्हावयास 1988 साल उजाडावें लागलें. ज्या पोथीच्या पहिल्या अध्यायाचें स्थानच असें डळमळीत, तिचें पारायण कसलें? शिवाय अभ्यास, शेती, पाहुणे, लग्नकार्यें यांतून पासष्ट तास कोणत्या संसारी घरानें काढावे? बळेंच काढले तर विसाव्या भागाला मुलें कंटाळतील आणि मालिका हा गृहपाठ होऊन बसेल. तेव्हां निवड हवी, हें वेचेवाद्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

त्यांचें दुसरेंहि एक म्हणणें आम्ही मान्य करतों. सगळे भाग सारख्या योग्यतेचे नाहींत. तिसऱ्या वर्षीं मालिकेला शुक्रवारची रात्रीं दहाची वेळ मिळाली, खर्चाला कात्री लागली, आणि त्याचे परिणाम पडद्यावर दिसतात. त्या वर्षाचा पहिलाच भाग ‘स्पॉक्स ब्रेन’. यांत मिस्टर स्पॉक यांचा मेंदूच चोरीस जातो व शेवटीं तो परत बसविण्यांत येतो; हा भाग अनेक रसिक सर्वांत वाईटांत गणतात, आणि त्यांचें फारसें चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं. मग तक्रार कसली?

तक्रार पहिली ही कीं, यादी माप लपविते. ‘अवश्य’ म्हणजे कोणाला अवश्य? कशासाठीं अवश्य? उदाहरणार्थ, ‘द सिटी ऑन दि एज ऑफ फॉरएव्हर’ हा भाग जवळजवळ प्रत्येक यादींत अग्रभागीं असतो. कॅप्टन कर्क 1930 च्या न्यूयॉर्कांत जातो, तेथील एका शांतिवादी सेविकेवर त्याचें मन जडतें, आणि ती वांचली तर युद्धांत नाझींचा जय होईल हें त्याला कळतें. भाग उत्कृष्टच आहे. पण त्याचा लेखक हार्लन एलिसन याची संहिता निर्मात्यांनीं इतकी बदलली कीं, तो जन्मभर त्यावरून भांडला. आणि गंमत अशी कीं, त्याच्या मूळ संहितेला लेखकसंघाचें पारितोषिक मिळालें, तर पडद्यावर आलेल्या भागाला ह्यूगो पारितोषिक. ज्या कृतीच्या गुणांविषयीं तिच्या कर्त्यांतच एकवाक्यता नाहीं, तिच्यापुढें यादीकार ‘अवश्य’ हा एक शब्द लिहून मोकळा होतो! मुलांना शिकण्याजोगें जें होतें, म्हणजे तो वाद, तेंच नेमकें गळालें.

तक्रार दुसरी. यादी परदेशांत होते आणि ती आपण आपल्या घरांत जशीच्या तशी लावतों. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा भाग तिकडे विनोदासाठीं नांवाजला जातो. त्यांत भराभर वाढणारे केसाळ जीव कोठारांतलें धान्य फस्त करतात, आणि त्यांच्या मरण्यावरून धान्यांत विष कालविलें होतें हें उघडकीस येतें. ज्या जिल्ह्यानें ज्वारीचीं पेवें आणि दुष्काळ दोन्ही पाहिलीं, तेथील मुलांना विनोदाइतकेंच तें विषहि लक्षांत राहतें. प्रेक्षक बदलला कीं भागाचें वजन बदलतें. मग दुसऱ्याच्या तराजूवर आपला माल किती दिवस तोलावयाचा?

तक्रार तिसरी, आणि हीच मुख्य. ‘लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड’ हा 10 जानेवारी 1969 रोजीं दाखविलेला भाग आमच्या यजमानांच्या यादींत ‘गाळा’ या रकान्यांत होता. कारणहि दिलें होतें : बोध फार ढोबळ आहे. त्यांत बील आणि लोकाय असे एकाच ग्रहावरचे दोघे येतात. दोघांचेहि चेहरे उभे दुभंगलेले, अर्धा काळा, अर्धा पांढरा. बील हा लोकायचा पन्नास हजार वर्षें पाठलाग करीत आहे. दोघांत फरक काय हें कर्कला कळतच नाहीं. मग बील तुच्छतेनें सांगतो कीं, माझी उजवी बाजू काळी आहे आणि त्याच्या जातीच्या सगळ्यांची उजवी बाजू पांढरी. अखेर ते आपल्या ग्रहाजवळ पोंचतात तों सारी प्रजा आपसांतील द्वेषानें नष्ट झालेली. तरीहि ते दोघे एकमेकांच्या पाठीं धांवतच राहतात.

वेचेवादी म्हणतील, द्वेषाचा विषय ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागांत कितीतरी सूक्ष्मपणें आला आहे. तेथें शत्रूचा चेहरा स्पॉकच्या चेहऱ्यासारखा दिसतो, आणि तेवढ्यावरून जहाजावरचा एक अधिकारी स्पॉकवर संशय घेऊं लागतो. तो भाग पाहिल्यावर हा ढोबळ भाग कशाला? कलेच्या दृष्टीनें त्यांचें बरोबर आहे. परंतु त्या घरीं काय घडलें तें ऐका. मुलांनीं ‘बॅलन्स ऑफ टेरर’ पाहिला, आणि धाकट्यांना त्यांत दोन जहाजांच्या लपाछपीच्या युद्धापलीकडे कांहीं दिसलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुलीनें हट्टानें ‘गाळा’ या रकान्यांतून हा दुसरा भाग काढला. ती आजीला गोष्ट मराठींत सांगत होती. आजी म्हणाल्या, ‘‘अगं, पण दोघेहि सारखेच तर आहेत. अर्धे काळे, अर्धे गोरे.’’ ‘‘नाहीं आजी, बाजू उलटी आहे, नीट बघ.’’ तेवढ्यांत धाकट्यानें वडिलांना विचारलें, ‘‘बाबा, मग आपल्याकडे कशावरून ओळखतात?’’ यजमान थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आडनांवावरून.’’ त्या रात्रीं जेवणें उशिरा झालीं, आणि आजींनीं आपल्या लहानपणींच्या पाणवठ्याविषयीं ज्या गोष्टी सांगितल्या त्या त्यांच्या मुलानेंहि पूर्वीं ऐकल्या नव्हत्या.

आतां आम्ही विचारतों : हा भाग गाळा, असें त्या घराला सांगण्याचा अधिकार कोणाला होता? ढोबळ बोधाचा कंटाळा येण्याचा हक्क त्यांना आहे ज्यांच्या समाजानें तो बोध पचविला आहे. आम्हीं तो पचविला असें कोणीं छातीवर हात ठेवून म्हणावें.

आणखी एक गोष्ट यादीकार विसरतात. दुसऱ्या वर्षाअखेर ही मालिका बंद पडणार अशी बातमी पसरली, तेव्हां 1967-68 च्या हिवाळ्यांत प्रेक्षकांनीं वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला, म्हणून तिसरें वर्ष मिळालें. आज ज्या वर्षाचे भाग एका रेघेंत गाळले जातात तें वर्ष सामान्य प्रेक्षकांनीं पत्रें लिहून मिळविलेलें आहे. तें कमी प्रतीचें निघालें, हें खरें. पण ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांनीं निदान तें पाहून मग ठरविलें.

‘मग तुमची यादी कोठें आहे?’ असा प्रश्न येईल. यादी देऊन आम्ही आमच्याच म्हणण्याला हरताळ फांसणार नाहीं. तीन नियम मात्र सांगतों. पहिले आठदहा भाग दाखविल्या गेलेल्या क्रमानें पाहावे, म्हणजे माणसांची ओळख होते. ओळखीवांचून कर्कचें दुःख हें कोणा परक्याचें दुःख राहतें. त्यानंतर निवडीची पाळी घरांतल्या प्रत्येकाकडे यावी, आजीकडेहि. आणि ‘अवश्य’ पैकीं दर तीन भागांमागें एक ‘गाळा’ पैकीं असावा. तिसरा नियम हा कीं, स्वतःचें मत बोलून दाखविल्याशिवाय दुसऱ्याचें मत कोणीं वाचूं नये. ‘स्पॉक्स ब्रेन’ वाईट आहे हें मुलानें ऐकून म्हणण्यांत कांहीं अर्थ नाहीं. पाहून म्हटलें, आणि कां तें सांगतां आलें, तर त्या पन्नास मिनिटांचें सोनें झालें. अशा रीतीनें सुटींत वीसपंचवीस भागच होतील. होवोत. ती निवड त्या घराची असेल.

धाराशिव जिल्ह्यांतच तेर आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाच्या संग्रहालयांत प्राचीन तगर नगराची हस्तिदंती मूर्ति आहे, तशीं मातीचीं साधीं भांडींखापरेंहि आहेत. पाहुणे मूर्तीसाठीं जातात; पण तें नगर जगत कसें होतें, हें मूर्तीइतकेंच खापरेंहि सांगतात. मूर्ति ठेवून खापरें फेकलीं असतीं तर आपल्याजवळ एक सुंदर वस्तु उरली असती, नगर उरलें नसतें.

आणि तेर हें गोरोबाकाकांचें गांव. संतमेळ्यांत मडकीं पक्कीं कोणतीं व कच्चीं कोणतीं हें पाहण्याचें काम मुक्ताबाईंनीं त्यांच्याकडे दिलें, ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. काकांनीं कोणाची यादी मागविली नाहीं. थापटणें हातांत घेतलें आणि एकेक डोकें स्वतः थापटून पाहिलें. नामदेव कच्चे निघाले. पण कथा तेथें संपत नाहीं. त्या कच्च्या मडक्याला कोणीं उकिरड्यावर टाकलें नाहीं. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढें त्यांचें नांव पंजाबापर्यंत पोंचलें. यादीकारांच्या हातीं तो मेळा पडता तर नामदेवांच्या नांवापुढें त्यांनीं कोणता शब्द लिहिला असता, हें वाचकांनींच सांगावें.