निकाहनाम्यातील मेहरचा रकाना कोरा का सोडू नये?

पुसद असो, दिग्रस असो की यवतमाळ शहर. निकाहच्या गडबडीत वधूपुढे निकाहनामा येतो आणि तो न वाचताच सही होऊ शकते. मात्र शास्त्रीय इस्लामी कायद्यानुसार निकाह हा करार आहे. हनफी मतानुसार एकाच बैठकीत प्रस्ताव, स्वीकार आणि दोन साक्षीदार लागतात. १८८६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. सय्यद महमूद यांनीही निकाहचे हेच करारस्वरूप मांडले होते.

मेहर म्हणजे काय?
ही वधूची किंमत नाही आणि तिच्या वडिलांचा पैसाही नाही. तो पत्नीचा हक्क आहे. रक्कम लगेच द्यायची की नंतर, हे ठरवता येते. घटस्फोटानंतर थकलेली मेहर १९८६ च्या कायद्यानुसार न्यायालयात मागता येते.

रकाना कोरा राहिला तर?
हक्क बुडत नाही. तिच्या माहेरच्या स्त्रियांना मिळालेली मेहर पाहून योग्य रक्कम ठरते. पण वाद वाढतो.

पत्रिका, जेवणावळ, हॉल यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरांनी हा एक रकानाही सहीआधी भरून घ्यावा. मुलीची खरी सुरक्षितता तिथेच लिहिलेली असते.